डोळे तेवढे हलतात

'छातीवर मुंजा बसला की शरीरातलं काहीच हलत नाही' असं म्हणतात, म्हणजे झोपेतून जाग येते पण अंग हलवता येत नाही आणि छातीवर भूत बसल्यासारखं वाटतं; ते पूर्ण पटलं नाही. श्वास चालतो आणि डोळे हलतात. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, डोळ्यांचे नाही; जाग आली तरी कधी कधी थोडा वेळ तसंच राहतं, तोच हा मुंजा. १९७५ मध्ये इंग्लंडात कीथ हर्न या संशोधकाने याचाच फायदा घेतला: आपण स्वप्नात आहोत हे कळलेल्या, झोपलेल्या माणसाने स्वप्नातूनच, आधी ठरवल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण दिली आणि ती यंत्रावर उमटली.

मी सोलापुरात यंत्रमागावर रात्रपाळी करायचो तेव्हा हा मुंजा फार बसायचा. सकाळी सातला घरी, वर पत्रा, मे महिना, त्यात उताणं झोपायची सवय. खुंटीवरची डब्याची पिशवी स्पष्ट दिसायची, दाराशी कुणीतरी उभं असायचं, अन् तोंडातून हाक फुटायची नाही. मग पिशवी, कॅलेंडर, पिशवी, कॅलेंडर अशी नजर फिरवत राहायचो, की थोड्या वेळाने करंगळी हलायची. (आईने उशाखाली विळा ठेवला होता, त्याने काही फरक पडला नाही.) कुशीवर झोपायला लागल्यावर बरंच कमी झालं.

जाणतं स्वप्न, म्हणजे ज्यात आपण झोपेत आहोत हे कळतं असं, मात्र एकदाच पडलं. माग चालू, धोटा पळतोय, पण आवाजच नाही! तिथंच कळलं, आपण झोपलोय.