जकात संघाने जर्मनी एक झाली, मग १८६६ ला बव्हेरिया प्रशियाच्या विरोधात कशी?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.ए.ला इतिहास शिकवते. जर्मनीच्या एकीकरणावर दरवर्षी तेच सांगते: १८३४ ला प्रशिया या उत्तरेकडच्या मोठ्या जर्मन राज्याच्या पुढाकाराने झोलफेराइन, म्हणजे जर्मन राज्यांमधली आपसातली जकात उठवणारा जकात संघ झाला, आगगाडी आली, कारखाने वाढले, लोकांना आपण एक आहोत असं वाटू लागलं आणि १८७१ ला जर्मनी एक झाली. परवा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर, वुर्टेम्बर्ग सगळे त्या संघात होते ना? मग १८६६ ला प्रशिया आणि ऑस्ट्रिया लढले तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या बाजूने कसे?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या तासाला सांगते म्हटलंय. जाणकारांनी मदत करावी. नुसतं 'प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याचं राजकारण' एवढ्यावर तिचं समाधान होणार नाही, माझंही नाही.

रूळप्रेमी
ताई, माझं म्हणणं थोडक्यात. आगगाडीने मनं जोडली की नाही ते सोडा, तिने सैन्य वेळेवर पोचवलं. १८६६ ला सैन्य सरहद्दीवर आणायला प्रशियाकडे पाच लोहमार्ग होते, ऑस्ट्रियाला उत्तरेकडे यायला एकच. ३ जुलैला क्योनिगग्रेट्झच्या लढाईत प्रशियाच्या बाजूने निकाल लागला. एकीकरण तिथे झालं.

पेग्निट्झकर
मॅडम, आधी त्या मुलीला शाबासकी द्या.

मी अकरा वर्षं न्यूरेंबर्गला राहतो. वडिलांचा ट्रक होता, त्यामुळे जकात म्हणजे काय ते लहानपणीच पाहिलंय. शहराच्या वेशीवर नाका, ताडपत्री सोडा, बिल्टी दाखवा, पावती घ्या, मग पुढे. एकदा एका नाक्यावर द्राक्षाच्या पेट्या रात्रभर अडकल्या आणि सकाळी खालच्या थरातून रस गळत होता. वडील काही बोलले नाहीत, फक्त चाकाशेजारी साचलेल्या त्या रसाकडे बघत उभे राहिले.

आता १८१९ ची जर्मनी बघा. फ्रीडरिश लिस्ट या अर्थतज्ज्ञाने व्यापाऱ्यांच्या वतीने फ्रांकफुर्टच्या संघसभेकडे, म्हणजे जर्मन राज्यांच्या सामाईक सभेकडे, अर्ज केला. तक्रार ही, की हॅम्बुर्गहून ऑस्ट्रियाला माल न्यायचा तर दहा राज्यं ओलांडायची, दहा ठिकाणचे नियम शिकायचे आणि दहादा पैसे मोजायचे. प्रशियाचं दुखणं वेगळंच होतं. तिचे दोन तुकडे, पूर्वेला बर्लिन, पश्चिमेला ऱ्हाइनकाठ, मधे दुसऱ्यांची राज्यं. १८१८ ला तिने आपल्या मुलखातले आतले नाके उठवले, मग एकेका शेजाऱ्याला ओढत आणलं आणि १ जानेवारी १८३४ ला मोठा संघ सुरू झाला.

खरी गोम पैशाच्या वाटणीत आहे. गोळा झालेली जकात लोकसंख्येप्रमाणे वाटायची, त्यासाठी दर तीन वर्षांनी शिरगणती. छोट्या राजांना आपापल्या सरहद्दीवर पहारे ठेवायचा खर्च वाचला आणि वर हक्काचं उत्पन्न सुरू झालं. ज्याची तिजोरी अशी भरते, तो गादी कशाला सोडेल? म्हणजे ज्या संघाला आपण एकीकरणाची पहिली पायरी म्हणतो, त्याच संघाने ही छोटी राज्यं सावरली. पुस्तकांत ही बाजू क्वचित येते आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

इथल्या जुन्या नाण्यांच्या दुकानात मी त्या काळातलं एक चांदीचं नाणं हातात घेऊन पाहिलं. वजनाला ३७ ग्रॅम. तळहातावर ठेवलं की भार जाणवतो. त्यावर दोन किमती आहेत, २ टालर आणि ३½ गुल्डन. उत्तरेत टालर चालायचा, दक्षिणेत गुल्डन, आणि १८३८ च्या ड्रेस्डेन करारात दोघांचा भाव बांधून दिला. कुणीच आपलं नाणं सोडलं नाही. वर्गात फळ्यावर हे नाणं काढून दाखवा, मुलांना अर्धं उत्तर त्यातच मिळेल.

रेल्वेचंही तेच. जर्मनीतली वाफेवरची पहिली गाडी ७ डिसेंबर १८३५ ला माझ्याच गावाहून शेजारच्या फ्युर्टला गेली, जेमतेम सहा किलोमीटर. इंजिन स्टीफन्सनच्या न्यूकॅसलच्या कारखान्यातलं, चालक विल्यम विल्सन इंग्रज, आणि कंपनीला नाव बव्हेरियाच्या लुडविग राजाचं.

मग संघ सोडणं का जमलं नाही? १८६२ ला प्रशियाने फ्रान्सशी व्यापारी करार केला आणि दक्षिणेच्या राज्यांना बजावलं, हा मान्य करा, नाहीतर संघाची मुदत वाढणार नाही. बव्हेरिया, वुर्टेम्बर्ग चडफडले, पण तिथल्या कारखान्यांचा माल उत्तरेच्या बाजारावर जगत होता. १८६४ ला सह्या केल्या. दोनच वर्षांनी तीच राज्यं प्रशियावर बंदूक रोखून उभी होती, आणि लढाई चालू असतानाही संघाची जकात गोळा होतच राहिली! लढाईनंतर १८६८ ला जकात संसदेची, म्हणजे संघाचा कारभार ठरवणाऱ्या सभेची, निवडणूक झाली, तेव्हा वुर्टेम्बर्गच्या १७ च्या १७ जागांवर प्रशियाविरोधी निवडून आले. पोट एकीकडे, मन दुसरीकडे. १८७० ला फ्रान्सशी युद्ध पेटेपर्यंत हे असंच चाललं.

डेक्कनकर
लिस्टचं नाव निघालं म्हणून. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ ला डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं, त्यात लिस्टचा आधार घेतला आहे. बाळसं न धरलेल्या उद्योगाला खुल्या स्पर्धेत ढकलू नये, हा लिस्टचा मुद्दा त्यांना इंग्रजी राजवटीखालच्या हिंदुस्थानासाठी मोलाचा वाटला. लिस्टने स्वतः तुरुंग भोगला, अमेरिकेत जाऊन राहिला, परत येऊन रेल्वेसाठी झगडला आणि १८४६ ला कुफश्टाइनला आत्महत्या केली. या माणसाबद्दल वर्गात दोन मिनिटं जास्त बोला, ही विनंती.

कृष्णाकाठ
पेग्निट्झकर दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नाणं नक्की काढणार. रानड्यांचा धागा तर मुलांना अगदी जवळचा वाटेल. एकच शंका: लिस्टच्या अर्जातलं ते हॅम्बुर्ग, ते संघात कधी आलं?

पेग्निट्झकर
१८८८ ला, ब्रेमेनबरोबर. १८७१ ला जर्मन साम्राज्य होऊन १७ वर्षं झाली होती. बंदराचा व्यापार जगाशी, त्यामुळे तिथल्या व्यापाऱ्यांना जकातीची भिंत नको होती. शेवटी बंदराचा एक भाग जकातमुक्त ठेवून घेतला, तेव्हा तयार झाले. हेही तिला सांगा.