घरचे काम, परसातले काम: कोणती हत्यारे घेतली आणि का? आपापले अनुभव लिहावेत

गेल्या मे महिन्यात आम्ही चिपळूण तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी कायमचे राहायला आलो. घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, वर मंगलोरी कौले, आणि भोवती अठरा गुंठ्यांचे आवार. त्यात नारळ, पोफळी, चार हापूस आणि पाऊस सरता सरता छातीएवढे वाढणारे रान आहे. पडवीच्या एका टोकाला मी कामाचे टेबल मांडले आहे. वडिलांच्या पेटीतून दोन करवती, तीन पटाश्या, एक गुण्या (काटकोन पाहायची पट्टी) आणि गंज चढलेला एक लोखंडी रंधा निघाला. बाकी सारे नव्याने घ्यायचे आहे.

एक चूक माझी करून झाली आहे. पुस्तकांच्या फळीसाठी नव्या ड्रिलचा ठोका (फिरता फिरता बिट आपटण्याची सोय) चालू ठेवून मी भिंतीत आठ मिलिमीटरचे भोक पाडले. जांभा मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे ठोक्याने भोकाच्या कडा ढासळल्या, गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) आतल्या आत फिरू लागली आणि तिसऱ्या दिवशी फळी पुस्तकांसकट खाली आली. नंतर ठोका बंद ठेवून, गिट्टीपेक्षा एक नंबर लहान बिट (भोक पाडणारी सळी) सावकाश चालवून, लांब गिट्टी आणि लांब स्क्रू बसवला, तो आजही पक्का आहे. दुकानात मला मोटर किती वॅटची हे आवर्जून सांगितले गेले, पण भिंत कशाची आहे हे कोणी विचारले नाही, आणि ते आपण सांगावे हे मलाही सुचले नाही. म्हणून विनंती अशी की, नुसती यादी न देता, आपल्या घरच्या भिंतीला, मातीला आणि हाताला काय मानवले ते लिहावे.

पुण्याहून

आपल्या उलट अनुभव माझा आहे. आमची सदनिका काँक्रीटच्या सांगाड्याची आणि मधे विटांची. दहा मिलिमीटर चकचे (बिट पकडणाऱ्या तोंडाचे) साधे ठोक्याचे ड्रिल विटेत लोण्यासारखे जाई, म्हणून मी ते सर्व कामांना पुरेल असे समजलो. मग पडद्याच्या दांड्या लावायला घेतल्या. खिडकीच्या वर नेमकी काँक्रीटची तुळई किंवा लिंटेल असते. शिडीवर उभे राहून, अंगाचा सारा भार देऊन, वीस मिनिटांत अर्धा इंच भोक झाले आणि बिटाचे टोक निळे पडले.

साध्या ठोक्याच्या ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका देतात, त्यामुळे आपण जितके दाबू तितकाच ठोका बसतो. काँक्रीटसाठीच्या रोटरी हॅमर या यंत्रात मात्र दट्ट्या हवेच्या दाबाने स्वतः बिटावर आपटतो आणि आपल्याला यंत्र केवळ धरून ठेवावे लागते. त्याचे खाचांचे बिट एसडीएस प्लस नावाने मिळते आणि ते साध्या चकमध्ये बसत नाही. शेजाऱ्यांकडून ते यंत्र एका रविवारी आणले आणि सहा भोके पंधरा मिनिटांत झाली. मधेच बिट अडून धातूचा आवाज आला तर ती सळई असते. तिथे जोर न लावता भोक इंचभर बाजूला घ्यावे. वर्षातून दहा भोके पाडायची असतील तर रोटरी हॅमर भाड्याने आणावे असेच माझे मत आहे. याउलट स्क्रू पिळायचे बारा व्होल्टचे लहान बॅटरी ड्रिल मात्र घरचे असावे. माझ्या घरात दर आठवड्याला हातात येणारे यंत्र तेच आहे.

ठाण्याहून

यंत्राआधी प्लग पाहावा. घरातला साधा लहान सॉकेट 6 अँपिअरचा असतो, म्हणजे 230 व्होल्टवर सुमारे 1,380 वॅट. मी त्यावर 1,600 वॅटची गोल करवत लांब, बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवरून चालवली आणि सॉकेट वितळला. आता टेबलाजवळ 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे. कोकणातल्या ओल्या पडवीत तर हे खर्च सर्वांत आधी करावेत.

राजापूर तालुक्यातून

दादा, आवारातले बहुतेक काम माझ्याच हाताने होते, म्हणून कोयत्याविषयी सविस्तर लिहिते. लग्न होऊन आले तेव्हा घरातला कोयता सासऱ्यांच्या हाताचा, जवळजवळ किलोभराचा होता. तासभर गवत आणि झावळ्या तोडल्या की मनगट सुजे, आणि दोष माझ्या सवयीचा आहे असे सगळ्यांनी आणि मीही धरून चालले होते. पुढे आठवडी बाजारातून एक हलका, चकचकीत कोयता आणला. त्याची धार नारळाच्या सोडणाच्या (वरच्या सालीच्या) पहिल्याच घावाला तुकडा पडून गेली.

शेवटी गावच्या लोहाराकडे गेले. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा एक तुकडा त्यांनी दाखवला, माझा हात मुठीत धरायला लावून मुठीचा घेर मापला आणि पाते किती वजनाचे हवे ते विचारले. पाते घडवून झाल्यावर त्यांनी केवळ धारेची बाजू तापवून पाण्यात धरली, पाठ तशीच मऊ राहू दिली. सगळ्या पात्याला पाणी पाजले तर ते ठिसूळ होऊन मोडते आणि अजिबात पाजले नाही तर धार वळते, असे त्यांनी काम करता करता सांगितले. पाण्यातून काढल्यावर धारेवरचा रंग गवताच्या काडीसारखा पिवळट होईपर्यंत ते पाहत राहिले आणि मग पुन्हा बुडवले. तो साडेसहाशे ग्रॅमचा कोयता बारा वर्षे माझ्या कमरेच्या आकडीत आहे. मूठ दोनदा बदलली. फावडे, खुरपे आणि पहारही मी आता उचलून, दोन हात चालवून पाहिल्याशिवाय घेत नाही. बाईमाणसाने अवजार घेताना दुकानदाराला दांडा आपल्या उंचीचा कापून मागावा, त्यात संकोच कसला?

दापोलीहून

ताईंचे म्हणणे मान्य आहे, पण दोन एकर रान कोयत्याने बेणायला गडी मिळत नाहीत, म्हणून ग्रासकटरविषयी लिहितो. पहिले यंत्र मी इंटरनेटवरून स्वस्तात मागवले. दुसऱ्या पावसाळ्यात त्याची स्टार्टरची दोरी तुटली, कार्बोरेटरचा पडदा कडक झाला, आणि सुटा भाग जिल्ह्यात कुठेही मिळाला नाही. दुसरे यंत्र घेताना मी आधी तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती करणाऱ्याकडे गेलो आणि त्याच्या कपाटात ज्या यंत्राचे भाग होते तेच घेतले.

टू-स्ट्रोक यंत्रात पेट्रोल आणि तेल मिसळून भरावे लागते. पुस्तिकेत 50:1 असेल तर लिटरभर पेट्रोलला 20 मिलिलिटर तेल, 25:1 असेल तर 40. हे मिश्रण अंदाजाने केले तर इंजिन जाते. फोर-स्ट्रोकमध्ये तेल वेगळे असते, पण यंत्र थोडे जड पडते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओल धरते, म्हणून हंगाम संपला की मी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. कोवळ्या गवताला आणि चिऱ्याच्या गडग्यालगत नायलॉनची दोरी, जाड रानाला तीन पात्यांची चकती, आणि आंगठ्याएवढ्या रोपट्यांना दातेरी गोल चकती लावावी. माझ्या चकतीखालून उडालेल्या खड्याने वीस पावलांवरच्या गाडीची काच फुटली. तेव्हापासून गमबूट, तोंडावर जाळी, आणि पन्नास फुटांच्या आत कोणी नाही, हा आमच्या घरचा नियम आहे.

कोल्हापूरहून

माझे लोखंडी कामाचे शेड आहे. अँगल ग्राइंडर (फिरत्या चकतीने लोखंड कापायचे-घासायचे हातयंत्र) घरी घ्यायचाच असेल तर चार इंची, हाताची पकड सोडताच बंद होणारा घ्यावा आणि गार्ड (चकतीवरचे संरक्षक झाकण) कधीही काढू नये. त्यावर लाकूड कापायची दातेरी पाती बसवून मिळतात. ती बसवू नयेत. माझ्या ओळखीच्या एका तरुणाच्या हातून ग्राइंडर फळीत अडकून उसळला आणि मांडीला सोळा टाके पडले. चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर तारीख छापलेली असते; ती उलटून गेलेली किंवा ओल लागलेली चकती फेकून द्यावी, कारण ती मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्यांच्या वेगात फुटू शकते.

न्यू जर्सीहून नाशिकला परतलेल्याकडून

तिकडची हत्यारे प्रेमाने गोळा केली होती, ती कंटेनरमधून आणली. ती 120 व्होल्टची. घाईत एक सँडर (लाकूड घासायचे यंत्र) इथल्या प्लगला जोडला आणि क्षणात धूर निघाला. ब्रशवाल्या मोटरींना उतरत्या व्होल्टचा मोठा ट्रान्सफॉर्मर चालतो, पण बेंच ग्राइंडरसारख्या इंडक्शन मोटरी तिकडच्या 60 ऐवजी इथल्या 50 हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने मंद फिरतात आणि तापतात. परत येणाऱ्यांनी हाताची हत्यारे, क्लॅम्प आणि पटाश्या जरूर आणाव्यात. विजेची तिथेच द्यावीत.

पुण्याहून, दुसरे

आपल्या वडिलांच्या रंध्याविषयी. तो टाकू नये. मी पुण्याच्या जुन्या बाजारातून असे तीन घेतले आहेत. आधी तळावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहावे. तोंडापाशी (पाते बाहेर येते त्या फटीपाशी), पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला उजेड दिसला नाही तर रंधा कामाचा आहे. गंज रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरने जातो. पात्याची पाठ, निदान टोकाकडचा अर्धा इंच, धार लावायच्या 1,000 नंबरच्या दगडावर आरशासारखी सपाट करावी, कारण पाठ सपाट नसेल तर पुढून कितीही घासले तरी धार येत नाही. मग धारेचा पुढचा उतार 25 अंशांचा आणि अगदी टोकाला 30.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सोळा अँपिअरच्या पॉइंटचे काम वायरमनला सांगितले आहे आणि ते होईपर्यंत विजेचे दुसरे यंत्र घेणार नाही. ग्रासकटरसाठी खेर्डीच्या दुरुस्तीवाल्याकडे त्याचे कपाट पाहून आलो. रंध्याच्या तळाला पट्टी लावली, तर तोंडापाशी उजेड नाही, मागे केसभर आहे. पाठ घासायला काल संध्याकाळी बसलो. गंजाखालून पात्यावर वडिलांनी खिळ्याने कोरलेले त्यांचे आद्याक्षर दिसू लागले आहे. तेवढा भाग घासल्याशिवाय धार येईल का, हे रंध्यावर लिहिणाऱ्यांनी कृपया सांगावे. अक्षर टोकापासून सव्वा इंचावर आहे.