मदत हवी आहे: आईवर बचत गटाचे पैसे खाल्ल्याचा आळ. तोंडी बदनामी आणि लेखी बदनामी यांत कायद्याने फरक पडतो का?

कोयनाकाठ:

नमस्कार मंडळी. माझी आई सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात महिला बचत गटाची सचिव आहे. गट सुरू झाल्यापासून वह्या तिच्याकडेच. कुणाची बचत आली, कुणी किती कर्ज उचललं, व्याज किती वसूल झालं, सगळं तिच्या अक्षरात. गेल्या बैठकीत गटातल्याच एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिनं गटाचं व्याज खाल्लं आणि त्यात पोरीचं लगीन उरकलं." ती पोरगी मी. माझं लग्न बाबांच्या पीएफमधून आणि माझ्या पगारातून झालं. हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

प्रकरण तिथंच थांबलं नाही. गावातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा व्हॉइस मेसेज आला. त्यात आईचं नाव नाही, पण "जिच्या घरात वह्या असतात तिला विचारा आपलं व्याज कुठं जातंय" असं स्पष्ट आहे. तो मेसेज पुढं दोन-तीन ग्रुपवर फिरला. मग बँकेच्या शाखेत आणि ग्रामसंघाकडे, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाकडे, लेखी अर्ज गेला, की सचिवांनी रक्कम स्वतःसाठी वापरल्याचा संशय आहे, हिशोब तपासावा.

माझा मामेभाऊ इंग्लंडमध्ये असतो. तो म्हणतो, लेखी असेल तर लायबेल, तोंडी असेल तर स्लँडर, आणि तोंडी बदनामीत पैशाचं नुकसान दाखवता आलं नाही तर दावा टिकत नाही. आईचं पैशाचं नुकसान काहीच नाही. ती फक्त हळदीकुंकवाला जायची बंद झालीय. मग बैठकीतलं बोलणं सोडून द्यायचं का? व्हॉइस मेसेज तोंडी धरतात की लेखी? आणि त्या अर्जाचं काय? जाणकारांनी कृपया सांगावं.

वकील_सांगली:

ताई, मामेभावाने सांगितलेली विभागणी इंग्लंडची आहे आणि तिथंही ती अर्धीच सांगितली आहे. लेखी, छापील किंवा टिकून राहणाऱ्या रूपातली बदनामी म्हणजे लायबेल. नुसता कागदच लागतो असं नाही. १८९४ मध्ये लंडनच्या मादाम तुसाँच्या प्रदर्शनात एका माणसाचा मेणाचा पुतळा खुनाशी संबंध सुचेल अशा जागी ठेवला होता, तोही लायबेलमध्ये धरला गेला. हवेत विरणारा शब्द तो स्लँडर, आणि त्यात साधारणपणे प्रत्यक्ष नुकसान दाखवावं लागतं. पण तुरुंगवासाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आळ तोंडी घातला, तर तिथंही नुकसान सिद्ध करायची गरज नसते. दुसऱ्याचे पैसे खाल्ले हा तसाच आळ आहे. म्हणजे हे सगळं तिकडे घडलं असतं तरी बैठकीतलं बोलणं सुटलं नसतं.

आता आपल्याकडचं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ पाहा. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेच्या ४९९ आणि ५०० मध्ये होतं. बोललेले शब्द, वाचण्यासाठी लिहिलेले शब्द, खुणा, चित्रं, सगळं एकाच व्याख्येत आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि नव्या कायद्यात समाजसेवेचाही पर्याय आहे. त्यामुळे व्हॉइस मेसेज कोणत्या खणात घालायचा या प्रश्नावर फौजदारी बाजूने तुमचं काहीच अडत नाही. नाव घेतलं नाही यानेही फरक पडत नाही. ऐकणाऱ्यांना माणूस ओळखू आला म्हणजे झालं, आणि वह्या कुणाच्या घरात असतात हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

दिवाणी दावा, म्हणजे नुकसानभरपाईचा, हा आपल्याकडे स्वतंत्र कायद्यात लिहिलेला नाही. तो न्यायालयांच्या निकालांतून घडला आहे. मुदतीच्या कायद्यात मात्र लायबेल आणि स्लँडर अशा दोन वेगळ्या नोंदी अजून आहेत, अनुच्छेद ७५ आणि ७६. दोन्हींना मुदत एकच वर्षाची. तारखा आजच वहीत लिहून ठेवा. बोलणी चालू आहेत म्हणून लोक थांबतात आणि वर्ष कधी उलटतं ते कळत नाही.

जुना_वाचक:

वरच्या प्रतिसादाला थोडी भर. ज्या नियमामुळे मामेभाऊ साशंक आहे, तो नियम आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने सुमारे शंभर वर्षांपूर्वीच एका बाबतीत बाजूला ठेवला होता. हिराबाई जहांगीर विरुद्ध दिनशा एडलजी हा १९२६ चा खटला. बाईच्या चारित्र्यावर तोंडी शिंतोडे उडवले, तर तिला पैशाचं नुकसान दाखवावं लागणार नाही, असं न्यायालयाने मानलं. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९०१ मध्ये जुन्या इंग्रजी नियमाचाच आधार घेतला होता. मद्रास उच्च न्यायालयाने १८८४ मध्येच तो नियम इथल्या समाजाला लागू करण्यासारखा नाही असं म्हटलं होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गावात बाईची अब्रू गेली तर ती कुठल्या पावतीवर दाखवणार? हळदीकुंकवाला न जाणं हेच नुकसान आहे.

दुसरं, समोरच्या बाई "आम्हाला खरंच तसं वाटलं" असं म्हणतील. केवळ वाटण्याने माणूस सुटत नाही, याचं आपल्या घरचं उदाहरण १८८२ चं आहे. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्धचा मजकूर टिळक आणि आगरकरांनी ज्या पत्रांच्या भरवशावर छापला, ती पत्रं बनावट निघाली. हेतू चांगला होता, कोल्हापूरच्या छत्रपतींबद्दलची कळकळ होती, तरी दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात जावं लागलं.

गटातली_ताई:

कोयनाकाठ, मी स्वतः ग्रामसंघाचं काम करते म्हणून कळवळून लिहिते. त्या अर्जाचा राग धरू नका. तोच तुमच्या आईला सोडवेल. आईंनी स्वतःच ग्रामसंघाला पत्र द्यावं की तपासणी लवकर करा, मी सगळ्या वह्या घेऊन हजर आहे. इतिवृत्त, कर्जाची नोंदवही, बँकेचं पासबुक आणि प्रत्येकीचं वैयक्तिक पासबुक यांचा ताळा सगळ्यांसमोर लावायचा. व्याजाचे आकडे मोठ्याने वाचायचे. सीआरपी ताईंना, म्हणजे गटांना मार्गदर्शन करणाऱ्या गावातल्या कार्यकर्तीला, बोलवा. तपासणीचा अहवाल लेखी आणि सह्यांनिशी घ्या. आणि वह्यांचे आत्ताच फोटो काढून ठेवा. उद्या पानं फाटली, शाई सांडली, तर पुन्हा आईंवरच येईल.

वकील_सांगली:

ताईंशी पूर्ण सहमत. कायद्याचाही अर्जाकडे बघण्याचा दृष्टिकोन तोच आहे. ज्याला चौकशीचा अधिकार आहे अशा व्यक्तीकडे सद्भावनेने तक्रार केली, तर ती बदनामीच्या अपवादात बसते. हिशोब तपासा म्हणणं हा सभासदाचा हक्क आहे. म्हणून अर्जावर खटला उभा करू नका. बैठकीतलं बोलणं आणि व्हॉइस मेसेज यांना मात्र तो आडोसा नाही, कारण ग्रुपवरच्या बायका चौकशी करणाऱ्या नव्हत्या.

खरेपणाच्या बचावात एक बारकावा आहे. दिवाणी दाव्यात आरोप खरा ठरला की दावा संपतो. फौजदारीत आरोप खरा आहे एवढं पुरत नाही, तो सार्वजनिक हितासाठी केला हेही दाखवावं लागतं. दोन्हीकडे तुमची ताकद त्या वह्यांतच आहे.

कोयनाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पहिल्यांदा आईला हे वाचून दाखवलं. तपासणीचं पत्र ती स्वतःच्या हाताने लिहिणार आहे. आणखी विचारते: मेसेज पुढं पाठवणाऱ्या बायका आणि ग्रुपची ॲडमिन यांनाही जबाबदार धरता येतं का? मी पोलिसांत तक्रार दिली तर चालेल का? आणि तो मेसेज पुरावा म्हणून कसा जपायचा?

वकील_सांगली:

पुढं पाठवणं म्हणजे बदनामी नव्याने पसरवणं, म्हणून पाठवणारीही अडकू शकते. नुसती ॲडमिन आहे म्हणून ती जबाबदार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सभासदाच्या आक्षेपार्ह पोस्टबद्दल ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला होता. ज्यांनी अजाणता पाठवलं त्यांना मात्र ओढू नका. उद्या त्याच तुमच्या साक्षीदार होतील.

पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतली जाईल, पण खटला त्यातून चालत नाही. गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. फिर्याद थेट न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर करावी लागते आणि ती जिची बदनामी झाली तिनेच, म्हणजे आईंनी. तुम्ही मुलगी असलात तरी तुमची सही चालणार नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

मेसेज ज्या फोनवर आला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. दुसऱ्या फोनवर घेतलेली किंवा पेन ड्राइव्हवरची प्रत दाखवायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्रावर जालन्याच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे. बैठकीतल्या वाक्यासाठी ज्यांनी ऐकलं त्यांची नावं लिहून ठेवा, आणि त्या दिवसाच्या इतिवृत्तात हजर बायकांच्या सह्या आहेत का ते बघा.

कोयनाकाठ:

सह्या आहेत, सतरा जणींच्या. आईला कोर्टापेक्षा त्यांनी सगळ्यांसमोर चूक कबूल करावी एवढंच हवं आहे. असं मागता येतं का?

वकील_सांगली:

येतं. आधी तपासणीचा अहवाल हातात घ्या, मग नोटीस पाठवा. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो, त्यामुळे फिर्याद झाल्यावरही ती वाट खुली राहते. नोटिशीत नुसतं "माफी मागावी" लिहू नका. त्याच गटाच्या बैठकीत, इतिवृत्तात नोंद होईल अशी, आणि मेसेज गेला त्या प्रत्येक ग्रुपवर, असं लिहा.