नेराइट गोगलगायींनी लाकडावर पांढरे ठिपके करून ठेवलेत, आणि शंखही पांढरा पडतोय. काय चुकतंय?

काचेपलीकडे
नमस्कार मंडळी. माशांचा दोन फुटी टँक आहे, साधारण ५४ लिटर, चालू होऊन आठ महिने झाले. काचेवर शेवाळाचे हिरवे कडक ठिपके यायला लागले, ते स्पंजने निघेनात म्हणून तीन झेब्रा नेराइट आणल्या. काच खरंच चकाचक केली, त्यात तक्रार नाही. पण आता ड्रिफ्टवूडवर, फिल्टरच्या पाइपवर, जिथे बघाल तिथे तिळाएवढे पांढरे ठिपके चिकटलेत, नखाने पण निघत नाहीत. ही अंडी आहेत का, आणि असतील तर उद्या शेकडो गोगलगायी होणार का? दुसरं म्हणजे दोघींच्या शंखाचं टोक पांढरं पडलंय, खडबडीत झालंय. तिसरी कालपासून वाळूवर उताणी पडलीये, गेली की काय कळत नाहीये. पाणी पूर्ण आरओचं वापरते, पीएच ६.४ दाखवतो. काच साफ झाली म्हणून अजून दोन आणायचा विचार होता, आता थांबलेय.

संथगती
ताई, बाकीचं नंतर, आधी ती उताणी पडलेली सरळ करा. नेराइटला सपाट वाळूवर उलटं पडलं की स्वतःहून सुलटं होणं फार जड जातं, तशीच पडून राहिली की उपाशी मरते. उचलून तोंडाकडचं झाकण बघा. घट्ट मिटलेलं असेल तर जिवंत आहे. झाकण सैल लोंबतंय, अंग बाहेर आलंय आणि वास येतोय, तर गेली (तो वास एकदा घेतला की परत शंका येत नाही). गेली असेल तर लगेच काढा, सडायला लागली की अमोनिया वाढतो.
आणि हो, ठिपके अंडीच आहेत. पण घाबरू नका, गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं वाढत नाहीत. अंड्यातून निघतात त्या पोहणाऱ्या बारीक अळ्या, त्यांना खारट पाणी लागतं. म्हणून तर नेराइट टँकभर होत नाही. खरा त्रास फक्त दिसण्याचा. काचेवरची ब्लेडने निघतात, लाकडावरची सोडून द्या, हळूहळू झिजतात.

गप्पीवाला
मी तर म्हणतो नेराइट काढा आणि मिस्ट्री स्नेल आणा, दिसायला भारी आणि अंड्यांचा हा वैताग नाही.

संथगती
भाऊ, मिस्ट्री दिसते छान, पण काचेवरचं ते कडक हिरवं शेवाळ ती खात नाही, मऊ शेवाळ आणि माशांचं उरलेलं खाणं एवढंच. आणि अंडी नाहीत कसं? पाण्याच्या वर, टँकच्या झाकणाखाली, गुलाबी घोसच्या घोस घालते आणि *ती* फुटतात गोड्या पाण्यात. वेळेवर घोस काढला नाहीत की मग मोजत बसा.

खडूचा डबा
शंखाचं कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय, आरओ आणि ६.४. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लधर्मी पाण्यात तो विरघळतो. टोक सगळ्यात जुनं, वरचं पातळ आवरण तिथलं आधी जातं म्हणून पांढरेपणा टोकापासून सुरू होतो. झिजलेलं भरून येत नाही हे आधीच सांगतो. शंख वाढतो तोंडाच्या कडेने, म्हणजे बघायचं ते तिथे, पाणी सुधारलं की नवीन कड गुळगुळीत आणि रंगाची येते, माझ्या एकीच्या शंखावर तर सरळ रेघच दिसते, अलीकडे खरबरीत, पलीकडे चकचकीत.
जीएच (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) आणि केएच (पीएच टिकवून धरणारे कार्बोनेट क्षार) दोन्ही तपासा, नुसता पीएच बघून कळत नाही. केएच ४ च्या वर असला तर पीएच सहसा ७ च्या पुढे टिकतो. कोरलचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा किंवा समुद्रफेसचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा टाका, तो आधी तरंगतो, मग काही दिवसांत बुडतो. आरओमध्ये थोडं साधं पाणी क्लोरीन काढून मिसळलं तरी चालेल. फक्त एका दिवसात पीएच वर नेऊ नका, माशांना सोसणार नाही.

गप्पीवाला
बरं, मिस्ट्रीचं मागे घेतो. पण एक सांगतोच, औषध टाकताना बाटली वाचा. माझ्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा आजार झाला होता, मी घाईत औषध ओतलं, त्यात कॉपर होतं. मासे वाचले, पाच गोगलगायी सकाळपर्यंत तळाशी. मासे दुसऱ्या टँकमध्ये काढून औषध द्यायला पाहिजे होतं, तेव्हा सुचलं नाही.

संथगती
आणि टँकला झाकण लावता ना? या गोगलगायी रात्री बाहेर पडतात. माझी एक पडद्यावर सापडली होती, कोरडी ठक्क, पाण्यात सोडली आणि तासाभराने चालायला लागली. अजून दोन मात्र आणू नका. शेवाळ संपत आलंय म्हणताय, मग खाणार काय? आहेत त्यांना उकडलेल्या काकडीची चकती देऊन बघा, काही तोंड लावतात, काही ढुंकून बघत नाहीत, दुसऱ्या दिवशी काढून टाका. आणि लाइट किती तास असतो? जास्त वेळ असला की शेवाळ वाढतं.

काचेपलीकडे
लाइट अकरा तास 🙈 आज टायमर लावला, सात तासांवर आणलाय.
उताणी होती तिचं झाकण घट्ट होतं! सरळ करून लाकडावर ठेवली, अर्धा तास काहीच नाही, मी वाट बघून उठले, परत आले तर बाई पाइपवर. केएच १ आला, जीएच २. समुद्रफेस टाकलाय, सध्या तरंगतोय आणि मासे त्याला ढुशा मारतायत. कोरलचा चुरा शनिवारी.
अंडी आता हीटरच्या काचेवर पण घातलीत, तिथली खरवडायची तर आधी स्विच बंद करून हीटर गार होऊ द्यायचा ना?

खडूचा डबा
हो, बंद करून पंधरा-वीस मिनिटं पाण्यातच राहू द्या, मग बाहेर काढा. आणि ब्लेड नको तिथे, जुनं प्लॅस्टिकचं कार्ड घ्या.