मदत हवी आहे: मोटारशिवाय चालणाऱ्या रोबोटचा गुडघा उसळतोय

मंडळी, रोबोटिक्स क्लबच्या मुलांसाठी पॅसिव्ह वॉकर बनवतोय. इंजिनिअर टॅड मॅकगीर यांनी 1990 मध्ये कॅनडात दाखवला तोच प्रकार. मोटार नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. उतारावर सोडला की स्वतःच्या वजनाने टकटक चालत खाली येतो. चालण्याचा सगळा हिशेब पायांची लांबी, वजनाची जागा आणि तळव्याची गोलाई यांनीच उरकलेला असतो. बुद्धी फक्त डोक्यात असते का, यावर लेक्चर झोडण्यापेक्षा हे बरं. (सध्या मुलांना बुद्धी म्हणजे चॅटबॉट एवढंच ठाऊक आहे!)

सांगाडा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा. चार पाय, बाहेरचे दोन एकमेकांना जोडलेले, आतले दोनही तसेच, त्यामुळे कडेला कलंडत नाही. प्लायवूडचा उतार तीन अंशांच्या आसपास.

घोडं अडलंय गुडघ्यात. पाय पुढे झुलला की गुडघा सरळ होतो, स्टॉपरवर आपटतो आणि उसळून परत वाकतो. नेमकं तेव्हाच वजन त्या पायावर येतं नि सगळं धाडकन खाली. रबर लावलं तर उसळी वाढली. लोहचुंबक आणि त्यासमोर लोखंडी पट्टी लावली तर गुडघा धरला जातो, पण पुढच्या पावलाला सुटतच नाही आणि पाऊल उताराला घासतं.

चुंबक आणि लोखंडी पट्टीमध्ये फट ठेवून कुणी जमवलंय का? किती ठेवली? की नडगीचं वजन वर सरकवू? गुडघे काढून सरळ पाय आणि उतारावर अंतराअंतराने फरशीचे तुकडे (म्हणजे झुलणारं पाऊल मधल्या फटीतून न घासता जातं), हा मार्ग माहीत आहे, पण मुलं गुडघ्यावर अडून बसली आहेत.