प्रॉस्पेक्ट अजून किती वर्षं सांभाळायचे? (डेट्रॉइट टायगर्स आणि खेळाडूंच्या अदलाबदलीची जुलैची डेडलाइन)

ट्रॉयचा_वाघ

आपण सिॲटलकडून हरलो त्यावरच्या धाग्यात 'आकडेमोड' यांनी लिहिलं होतं, "स्कॉट हॅरिसने जुलैत मॅकगॉनिगल आणि क्लार्कला हात लावू दिला नाही, हा या मोसमातला सगळ्यात शहाणा निर्णय." (हॅरिस म्हणजे आपला संघ बांधणारा अधिकारी. मॅकगॉनिगल आणि क्लार्क म्हणजे अजून खालच्या लीगमध्ये तयार होणारी आपली दोन बॅटर पोरं, म्हणजे प्रॉस्पेक्ट.) तेव्हा गप्प बसलो. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

२०२५ च्या ८ जुलैला क्लीव्हलँड गुणतक्त्यात आपल्या साडेपंधरा सामने मागे होतं. आपल्या पिचरांपैकी (चेंडू टाकणाऱ्यांपैकी) जोबचं कोपर जूनमध्येच गेलेलं, आणि डेडलाइन तोंडावर असताना ओल्सनचा खांदा गेला. आपला पहिल्या नंबरचा पिचर स्कूबल, त्याच्यानंतर कोण, हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला होता. मग आपण आणलं कोणाला? ४१ वर्षांचा चार्ली मॉर्टन आणि ख्रिस पॅडॅक. मॉर्टनला तर सप्टेंबर संपायच्या आत सोडून दिलं. शेवटी ८७ विजय, क्लीव्हलँडचे ८८, डिव्हिजनमधलं पहिलं स्थान गेलं.

१० ऑक्टोबरच्या रात्री, सिॲटलविरुद्धच्या त्या शेवटच्या सामन्याला, मी बेसमेंटमध्ये टीव्हीचा आवाज बंद करून बसलो होतो, कारण वर मुलं झोपलेली. स्कूबलच्या सहा इनिंग, ९९ चेंडू, १३ स्ट्राइकआउट (म्हणजे १३ बॅटर चेंडूवरच बाद), त्यातले सात ओळीने. माणूस याहून जास्त काय करणार? तो गेला आणि पुढच्याच इनिंगला आघाडी गेली. पंधराव्या इनिंगला सिॲटलच्या पोलांकोने विजयी फटका मारला तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. मी अर्धा तास तिथेच बसून होतो.

२०२६ नंतर स्कूबल करारातून मोकळा होणार. असा पिचर हाताशी असताना दुसरा चांगला पिचर आणायचा नाही, तर मग कधी आणायचा?

आकडेमोड

माझं नाव घेतलंत, तर उत्तर देतो. त्या रात्री १५ इनिंगमध्ये आपण दोन धावा केल्या. दोन! त्याही कार्पेंटरच्या एकाच होमरवर (क्रिकेटचा षटकार समजा). त्या रात्री बुलपेनमधून (राखीव पिचरांतून) पेड्रो मार्टिनेझसारखा महान पिचर आला असता तरी दोन धावांवर आपण हरलोच असतो. पिचिंगने सामना घालवला नाही, बॅटने घालवला. आणि तुम्ही म्हणताय, संघात येऊ घातलेले सगळ्यात चांगले दोन बॅटर देऊन टाका.

भावही बघा. पिचर मेसन मिलरसाठी सॅन डिएगो पाद्रेसने लिओ डी व्रीस हा प्रॉस्पेक्ट दिला. अठरा वर्षांचा पोरगा, सगळ्या याद्यांमध्ये वरच्या पाचांत. वर आणखी तिघे दिले, आणि बदल्यात मिलरबरोबर सिअर्स तेवढा आला. आपल्याकडे डी व्रीसच्या तोडीचा म्हणजे मॅकगॉनिगलच. मायामीचा पिचर अल्कांतारा, त्याचं नाव सगळे घेत होते, पण जुलै अखेरीला त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, कमी तितका चांगला) सहाच्या वर होता. त्याच्यासाठी क्लार्क द्यायचा?

जुना_डेट्रॉइटकर

मी १९८६ साली इथे आलो. वॉरेनला नोकरी होती. मिशिगन आणि ट्रंबलच्या कोपऱ्यावरचं जुनं टायगर स्टेडियम ज्यांनी पाहिलंय त्यांना माझं म्हणणं कळेल.

१९८७ चा ऑगस्ट. टोरोंटोशी चुरस. आपण अटलांटाकडून डॉइल अलेक्झांडर हा पिचर घेतला. वय ३६. तो आला आणि ९-० झाला (नऊ विजय, पराभव नाही), ईआरए १.५३. त्याने सुरुवात केलेले अकराच्या अकरा सामने आपण जिंकलो. शेवटच्या दिवशी आपला पिचर टनाना याने टोरोंटोला १-० हरवलं, हर्न्डनचा तो होमर. मी स्टेडियममध्ये होतो. शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. या देशात परक्या माणसाने मला मारलेली ती पहिली मिठी.

पुढे प्लेऑफमध्ये मिनेसोटाने आपल्याला ४-१ ने घरी पाठवलं. अलेक्झांडर दोन्ही सामने हरला. आणि त्याच्या बदल्यात जो पोरगा गेला तो आपल्या लान्सिंगचा. डबल-ए मध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, त्याचा ४-१० असा हिशेब होता, ईआरए साडेपाचच्या वर. कोण होता ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. १९९६ ला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार, २०१५ ला हॉल ऑफ फेम. पुढची वीस वर्षं जॉन स्मोल्ट्झ टीव्हीवर दिसला की मी चॅनेल बदलायचो.

माझ्या तरुण मित्रा, चार दिवस एक वाक्य डोक्यातून जात नाही म्हणतोस. माझ्या डोक्यातून एक नाव अडतीस वर्षं गेलेलं नाही.

ट्रॉयचा_वाघ

काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण दर वेळी स्मोल्ट्झ, स्मोल्ट्झ! २०१२ चं कोणीच का बोलत नाही? पिचर अनिबाल सांचेझ आणि इन्फांतेसाठी आपण जेकब टर्नर हा पिचर प्रॉस्पेक्ट दिला. ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीतला, नववा. तेव्हाही हीच रड होती, "टर्नर म्हणजे पुढचा व्हर्लँडर", म्हणजे तेव्हाचा आपला सगळ्यात मोठा पिचर. काय झालं त्याचं? आणि सांचेझ आला, आपण वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला, गेलो, पुढच्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात कमी ईआरए त्याचा. २.५७.

उलट बाजूनेही बघा. २०१७ ला व्हर्लँडर ह्यूस्टनला दिला. त्यांना लगेच वर्ल्ड सिरीज मिळाली. आपल्याला तीन प्रॉस्पेक्ट मिळाले, त्यातला फ्रँकलिन पेरेझ मेजर लीगपर्यंत पोचलासुद्धा नाही. रॉजर्स तेवढा टिकला. प्रॉस्पेक्ट म्हणजे बयाण्याची पावती. घर ताब्यात आलं असं कोणी समजू नये.

आकडेमोड

मग युजेनिओ सुआरेझ? २०१४ च्या डिसेंबरात अल्फ्रेडो सिमॉन या पिचरसाठी दिलेला. सिमॉनने आपल्याकडे एक मोसम काढला, ईआरए ५.०५. सुआरेझने या वर्षी ४९ होमर मारले आणि या ऑक्टोबरात तो सिॲटलच्या डगआउटमध्ये बसून आपल्याला हरताना बघत होता. बोला.

कोमेरिका_१२८

मी ३१ जुलै २०१४ ला, डेडलाइनच्या दिवशी, कोमेरिकात (टायगर्सच्या मैदानावर) होतो. सातवी इनिंग चालू होती. अचानक सेंटर फील्डमधून ऑस्टिन जॅक्सनला परत बोलावलं. सामना मध्येच, पोरगा मैदान ओलांडून चालत येतोय. आधी कोणालाच काही कळेना. मग फोन वाजायला लागले, जॅक्सन जातोय आणि पिचर डेव्हिड प्राइस येतोय, आणि सगळे उठून उभे राहिले. टाळ्या प्राइससाठी नव्हत्या, जॅक्सनसाठी होत्या. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई रडत होती.

त्याच सौद्यात विली अदामेस गेला. तेव्हा नाव कोणालाच माहीत नव्हतं, अठरा वर्षांचा होता. २०२४ च्या डिसेंबरात जायंट्सने त्याला १८.२ कोटी डॉलर दिले. प्राइसने त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये बाल्टिमोरविरुद्ध आठ इनिंग टाकल्या आणि आपण २-१ ने हरलो. हा सौदा चूक होता की बरोबर, अकरा वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

ग्रँड_रॅपिड्सकर

धाग्यातल्या किती जणांनी मॅकगॉनिगल आणि क्लार्क या दोन पोरांना प्रत्यक्ष खेळताना पाहिलंय? मी पाहिलंय. वेस्ट मिशिगन व्हाइटकॅप्सचं (टायगर्सच्या खालच्या लीगमधल्या टीमचं) मैदान माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. मॅकगॉनिगल डावखुरी बॅटिंग करतो, आणि दोन स्ट्राइक झाले (तिसऱ्याला बाद) की बाकीची पोरं घाबरून बॅट फिरवतात, तो मात्र हात आखडता घेऊन नको ते चेंडू सोडून देतो. वर्षभरात त्याचे स्ट्राइकआउट कमी आणि वॉक (चार वाईट चेंडू सोडून मिळणारा पहिला बेस) जास्त आहेत. वीस-एकवीस वर्षांच्या पोरात हे दिसत नाही हो! मागे बसलेले म्हातारे स्काउट पेन खाली ठेवून बघत बसतात.

असा पोरगा तीन महिन्यांच्या पिचरसाठी देऊन टाका म्हणणाऱ्यांनी आधी वेस्ट मिशिगनला यावं, मग बोलावं.

कॅन्टनची_आई

मला इथे जरा वेगळं म्हणायचंय. पिचर घ्या, पिचर घ्या म्हणताय. पण पिचरचं कोपर टिकतं कुठे? जोब ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतला तिसरा, दुसरा पिचर माइझ तर पहिलाच. दोघांचंही टॉमी जॉन, म्हणजे कोपराची शस्त्रक्रिया. स्कूबलचंही कॉलेजात झालंय, नंतर २०२२ ला हाताची आणखी एक शस्त्रक्रिया.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. मे महिन्यात स्कूबलने क्लीव्हलँडविरुद्ध ९४ चेंडूंत पूर्ण सामना संपवला, शेवटचा चेंडू १०२.६ मैलांचा. ती क्लिप त्याने पन्नास वेळा पाहिली असेल. मग गॅरेजच्या दारावर टेपचा चौकोन चिकटवला आणि रोज संध्याकाळी धाड, धाड. लिटल लीगमध्ये त्याच्या वयाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे. पण शनिवारी लीग आणि रविवारी ट्रॅव्हल टीम खेळली, तर दोन्हींची बेरीज कोण करणार? ट्रॅव्हल टीमच्या कोचला मी विचारलं, तर म्हणाला, "त्याचा हात चांगला आहे, काळजी करू नका." ऑगस्टमध्ये पोराला दात घासताना हात वर करता येईना. ग्रोथ प्लेटला (वाढत्या हाडाच्या टोकाला) इजा. डॉक्टरांनी चार महिने चेंडू बंद केलाय.

अठरा वर्षांच्या पिचरवर कोट्यवधींचे सौदे करणाऱ्यांनी हे हात बाराव्या वर्षी कसे वापरले गेलेत ते आधी बघावं.

पिट्सबर्गहून_परत

ताई, मुलाला लवकर बरं वाटो. पण दोन-दोन टीममध्ये घातलं कोणी? फॉर्मवर सही पालकांचीच असते ना?

कॅन्टनची_आई

सही माझीच आहे. ते रोज रात्री आठवतं, तुम्ही आठवण करून द्यायची गरज नव्हती.

जुना_डेट्रॉइटकर

पिट्सबर्गवाले, हे बोलायची ही पद्धत नव्हे. त्या बाईने पोटातलं सांगितलं आणि तुम्ही त्यावर बोट ठेवलंत. माफी मागा.

पिट्सबर्गहून_परत

माझा तसा हेतू नव्हता. ताई, माफ करा. माझीही मुलगी सॉफ्टबॉल पिचर आहे, वर्षाचे अकरा महिने. तिच्या खांद्याला रोज बर्फ लावतो, आणि आजवर "थांब" म्हणायचं धाडस झालेलं नाही. तुमचं वाचून राग आला तो स्वतःचाच, बाहेर मात्र तुमच्यावर काढला.

आकडेमोड

विषय भरकटतोय. कोपराचा वेगळा धागा काढा.

ग्रँड_रॅपिड्सकर

भरकटला कसा? प्रॉस्पेक्टची किंमत ठरते ती याच हातांवर. १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा ती शस्त्रक्रिया केली. आज त्याच आडनावाचा आपला पोरगा तिच्यातून उठतोय. ताई, एका उन्हाळ्यात एकच टीम, हे लिहून फ्रिजवर लावा. आम्ही तेच केलं.

ट्रॉयचा_वाघ

ताई, तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. माझा धाकटा नऊ वर्षांचा, त्याला या वसंतात ट्रॅव्हल टीममध्ये घालणार होतो. आता थांबतो. हात खरंच एवढे नाजूक असतील तर पिचर प्रॉस्पेक्ट तर अजिबात जपू नयेत, संधी मिळाली की देऊन टाकावेत. टोरोंटोने तेच केलं. खाल स्टीफन हा पिचर प्रॉस्पेक्ट दिला आणि टॉमी जॉनमधून सावरणारा पिचर बीबर घेतला. टोरोंटो वर्ल्ड सिरीजला पोचली, आपण घरी.

आकडेमोड

बीबरचा सौदा चांगला होता, मान्य. पिचर देऊन पिचर घेतला. हॅरिसने ते करायला हवं होतं, आणि मॉर्टन-पॅडॅकचं समर्थन मीही करू शकत नाही. बुलपेनसाठी फिनेगन मात्र चांगला आणला, तेवढं तुम्हीही म्हणा.

ट्रॉयचा_वाघ

फिनेगन चांगला आणला. म्हटलं. सुआरेझचंही तुमचं बरोबर, ते वाचून अर्धा दिवस चरफडत होतो.

जुना_डेट्रॉइटकर

मी मघाशी एक सांगितलं नाही. अलेक्झांडरचा सौदा वाईट होता असं मी चाळीस वर्षं म्हणत आलोय, पण १९८७ च्या त्या दिवसाची मिठी मला परत द्यायची नाहीये. आपण जिंकलेली १९८४ ची वर्ल्ड सिरीज माझ्या येण्याच्या दोन वर्षं आधीची, ती मी पाहिलेलीच नाही. वय आता सत्तरीच्या पुढे. टायगर्सचे मालक माइक इलिच इतका पैसा ओतूनही मालक म्हणून एकही विजेतेपद न बघताच गेले. म्हणून ट्रॉयवाल्याचा राग मला कळतो. तरी मॅकगॉनिगल देऊ नये.

ट्रॉयचा_वाघ

काका, पुढच्या एप्रिलला कोमेरिकात माझ्याबरोबर चला, तिकीट माझ्याकडून. स्कूबल टाकत असेल तो दिवस बघू. मॅकगॉनिगलचं ठीक आहे, ग्रँड रॅपिड्सवाल्यांनी जे सांगितलं त्यानंतर मीही नसता दिला. पण क्लार्क? क्लार्क मी दिला असता. इथून मी हलणार नाही.

ग्रँड_रॅपिड्सकर

क्लार्कही नाही!