दादरा मातीत उतरवताना

लोणच्याच्या बरणीवरून मातीत काही घडवायचं तर आकार हुबेहूब हवा का, असं तुम्ही विचारलंत. मला वाटतं, नको. आजीची तपकिरी-पांढरी बरणी म्हटलं की मला आधी आठवतो तो बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा, म्हणजे झाकायचं फडकं, आणि त्यावरचा हळदीचा डाग. मी तोच धरला. जुनं सुती फडकं पातळ कालवलेल्या मातीत बुडवून मी घडवलेल्या, अर्धवट वाळलेल्या बरणीवर बांधलं. भट्टीत कापड जळून गेलं, चुण्या राहिल्या! (कापड जळताना धूर होतो, खिडक्या उघड्या ठेवा.) गाठ जाड नको, आत ओल राहिली तर फुटते. आणि खरंच लोणचं घालणार असाल तर झिलई (भांड्यावरचा काचेसारखा लेप) शिसेविरहित आणि पूर्ण भाजलेलीच हवी. कच्च्या झिलईतून खार पाझरतो.